स्त्रियांचे केस का गळतात?
कारणे, प्रकार व उपाय

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील खेड्यांतून केसांच्या बदल्यात भांडी देणारा फेरीवाला अधूनमधून येत असतो. त्याची आरोळी ऐकू आली की घरोघरच्या स्त्रिया कोनाड्यात किंवा पिशवीत जपून ठेवलेली गुंतवळ बाहेर काढतात. विंचरताना फणीत आलेले केस फेकून न देता साठवून ठेवण्याची रीत जुनी आहे. फेरीवाला गुंतवळीचे वजन पाहतो आणि एखादी वाटी किंवा डबी देऊन पुढच्या गल्लीत जातो. मात्र या देवघेवीत एक गोष्ट सहसा कोणी टिपत नाही. पूर्वी जेवढी गुंतवळ साठण्यास वर्ष लागे, तेवढी एखाद्या स्त्रीपाशी दोन महिन्यांत साठू लागली, तर तिच्या प्रकृतीत काही तरी बिघडले आहे असे समजावे.

केस गळणे हा केवळ रूपाचा प्रश्न आहे असे समजून घरातील माणसे त्याकडे दुर्लक्ष करतात. काही ठिकाणी नजर, करणी किंवा देवीचा कोप अशी कारणे शोधली जातात, आणि अंगारे-धुपारे व महागडी तेले यांवर पैसा खर्च होतो. यांपैकी कोणत्याही मार्गाने मूळ कारण उघड होत नाही. रक्तक्षय, गळ्यातील ग्रंथीचा विकार, अपुरा आहार किंवा त्वचेचा रोग यांपैकी काही तरी आत वाढत असते आणि केस हे त्याचे बाहेर दिसणारे चिन्ह असते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी कुटुंबांनी या विषयाची नीट माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

केसाची वाढ कशी होते?

माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ आपापल्या क्रमाने काम करते. केस २ ते ६ वर्षे वाढत राहतो. ही वाढ महिन्यास सुमारे १ सेंटिमीटर असते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते. मग मूळ सुमारे तीन महिने विश्रांती घेते, आणि अखेर जुना केस गळून त्याच जागी नवा उगवतो. कोणत्याही वेळी पाहिले तरी १०० पैकी ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात. यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हे स्वाभाविक आहे. ज्या दिवशी डोक्यावरून न्हाणे होते त्या दिवशी ही संख्या थोडी वाढते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

गळलेला केस हातात घेऊन पाहावा. एका टोकास बारीक पांढरा गाठीसारखा भाग असेल, तर तो केस मुळापासून सुटलेला आहे. तसा भाग नसेल, तर तो मधूनच तुटलेला आहे. मुळापासून सुटणाऱ्या केसांचे कारण बहुधा शरीरात असते, तर तुटणाऱ्या केसांचे कारण बहुधा बाहेर, म्हणजे ओढ, घर्षण किंवा तीव्र रसायने यांत असते. दुसरी एक सोपी परीक्षा अशी : दोन-तीन दिवस न न्हालेल्या डोक्यावरील ५०-६० केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकाकडे हलकेच ओढावी. पाच-सहापेक्षा अधिक केस हाती आले, तर गळती वाढलेली आहे असे जाणावे.

तीन महिन्यांचा हिशेब

स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे सगळ्या डोक्यावरील केस एकाएकी विरळ होऊ लागणे. शरीराला एखादा मोठा धक्का बसला की पुष्कळशी मुळे एकाच वेळी वाढ थांबवून विश्रांतीत जातात. परंतु केस त्याच वेळी गळत नाहीत, ते दोन ते तीन महिन्यांनी गळतात. आषाढात विषमज्वर किंवा डेंग्यूने अंथरुणास खिळलेल्या स्त्रीचे केस दसऱ्याच्या सुमारास ओंजळीने निघू लागतात ते यामुळेच. तोपर्यंत ताप विसरलेला असतो. मग दोष मागच्या आठवड्यात आणलेल्या साबणाला किंवा नव्या विंधन विहिरीच्या पाण्याला दिला जातो. २०२० व २०२१ या वर्षांतील करोनाच्या साथीनंतर अनेक स्त्री-पुरुषांना हाच अनुभव आला.

बाळंतपण हेही असेच एक निमित्त होय. गरोदरपणात केस नेहमीपेक्षा कमी गळतात व दाट दिसतात. प्रसूतीनंतर दोन ते चार महिन्यांनी ते साठलेले केस एकदम गळू लागतात. बाळ हसू लागले की आईचे केस जातात, असे बायका म्हणतात. बाळ हसू लागण्याची व केस गळण्याची वेळ एकच असल्याने हा समज रूढ झाला असावा, पण त्यात बाळाचा काही दोष नाही. ही गळती सामान्यतः सहा महिने ते वर्षभरात आपोआप थांबते. मात्र बाळंतिणीस रक्तक्षय असेल, तर ती लांबते. मोठी शस्त्रक्रिया, अतिशय मानसिक दुःख, वजन झपाट्याने घटणे आणि काही औषधे यांमुळेही अशीच गळती होते. कर्करोगावरील काही औषधांनी केस अधिक जलद व जवळजवळ सर्वच जातात, पण उपचार संपल्यावर ते बहुधा परत येतात.

तेव्हा केसगळतीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला पहिला प्रश्न असा विचारावा : तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते? निम्म्याहून अधिक उलगडा पुष्कळदा याच एका प्रश्नाने होतो.

उसावरील केवडा आणि अंगातील लोह

तीन महिन्यांपूर्वी काहीच घडले नसेल व गळती सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ चालू असेल, तर लोहाच्या उणिवेचा संशय घ्यावा. ही गोष्ट शेतकऱ्यास समजावून देणे कठीण नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात. त्यास शेतकरी केवडा म्हणतो. लोह पिकास मिळत नाही हे त्याचे कारण आहे, हे तो जाणतो आणि हिराकशीची फवारणी करतो. पान पिवळे पडले म्हणून पानास रंग लावण्याचा विचार त्याच्या मनातही येत नाही. तोच शेतकरी घरातील स्त्रीचे केस गळू लागले की मात्र तेलाची बाटली आणतो. आरोग्य खात्याकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीतही सामान्यतः हिराकशीच्याच जातीचा लोहक्षार असतो. अर्थात तो औषधी शुद्धतेचा व मोजून दिलेला असतो. शेतीसाठी मिळणारी हिराकस चुकूनही पोटात घेऊ नये. ती विषारी ठरू शकते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. म्हणजे गावातील दर दोन स्त्रियांत किमान एकीच्या रक्तात लोहाची ओढाताण आहे असे धरून चालण्यास हरकत नाही. पाळीच्या वेळी अधिक रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, अपुरा आहार आणि आकडीकृमी ही त्याची मुख्य कारणे होत. आकडीकृमीच्या अळ्या ओलसर मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात आणि वाढ झालेले कृमी आतड्यात रक्त शोषतात. भाजीपाल्याच्या वाफ्यात पाणी धरणाऱ्या स्त्रीच्या पायांत पादत्राण असावे आणि घरातील प्रत्येकाने शौचालयाचा वापर करावा, हे उपाय त्यामुळे केसांच्याही हिताचे ठरतात.

रक्ताची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा आणि गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. काही स्त्रियांत हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा संपत आलेला असतो. त्यासाठी फेरिटिन नावाची तपासणी करतात. शासकीय योजनेप्रमाणे गरोदर स्त्रीस चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह असते. किशोरवयीन मुलींना आठवड्यास एक गोळी मिळते. गोळीने शौचास काळी होते. त्याची भीती बाळगू नये. मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी, पण चहाबरोबर किंवा चुन्याच्या (कॅल्शियमच्या) गोळीबरोबर घेऊ नये, कारण त्यामुळे लोह अंगी लागत नाही. लोहाचा साठा भरून आला तरी केस उगवण्यास आणखी तीन-चार महिने जातात. या काळात धीर सोडून गोळ्या बंद करण्याची चूक फार वेळा होते.

ताटात काय असावे?

केस मुख्यतः प्रथिनांचा बनलेला असतो. शरीराला प्रथिने कमी पडली, तर ते प्रथम हृदय, स्नायू इत्यादींची गरज भागवते आणि केसांची गरज शेवटी पाहते. शेतकरी घरातील स्त्री बहुधा सर्वांचे झाल्यावर जेवते. तोपर्यंत कालवणातील डाळ तळाला गेलेली असते आणि उरते ती भाकरी, चटणी व रस्सा. शिवाय चातुर्मासातील उपवास असतात. साबुदाणा हा जवळजवळ नुसता पिष्टमय पदार्थ असून त्यात प्रथिने नाममात्र असतात. उपवास करावयाचाच असेल, तर राजगिरा, भगर, शेंगदाणे, दूध व ताक यांचा आधार घ्यावा.

या जिल्ह्यातील जुन्या आहारात उपयुक्त पदार्थांची वाण नाही. बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मोडाची मटकी, हरभऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला, तांदुळजा, तीळ व शेंगदाणे यांतून लोह, जस्त व प्रथिने मिळतात. बाळंतिणीस अळिवाचे लाडू देण्याची चालही उत्तम आहे. धान्य व कडधान्य यांतील लोह सहजासहजी शोषले जात नाही. परंतु कडधान्यास मोड आणले आणि जेवताना लिंबू पिळले किंवा आवळा, पेरू असे काही खाल्ले, तर ते अधिक प्रमाणात अंगी लागते. चालत असल्यास आठवड्यातून काही वेळा अंडी, मासळी किंवा मटण घ्यावे. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय सोडावी.

या बाबतीत बियाण्याची निवडही महत्त्वाची आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट ही संस्था व राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण पुढे आला. तो निवड पद्धतीने तयार केलेला सुधारित वाण आहे, आणि त्याच्या दर किलो धान्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. लोहसमृद्ध बाजरीची भाकरी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना नियमितपणे देऊन पाहण्यात आली. त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारला, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. 'धनशक्ती' हा संकरित वाण नसल्याने शेतकऱ्यास योग्य काळजी घेऊन घरचे बियाणे राखता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल, पालेभाज्या व इतर पिकांचे बियाणे जतन करण्याचे मोठे काम केले आणि त्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. अशा बियाण्यातून दाराशी पाच-सहा भाज्यांची परसबाग उभी करणे अल्पभूधारक कुटुंबासही शक्य आहे.

जमिनीची प्रतही येथे विचारात घ्यावी लागते. जमिनीत जस्त कमी असेल, तर पीक कमी येते आणि धान्यातही जस्ताचे प्रमाण घटते. केसांच्या वाढीस जस्त आवश्यक असते. म्हणून माती-परीक्षण करताना नत्र, स्फुरद व पालाश यांबरोबर लोह, जस्त इत्यादी सूक्ष्म अन्नद्रव्येही तपासून घ्यावीत आणि अहवालाप्रमाणेच ती द्यावीत.

भांग रुंदावणे व ग्रंथींचे विकार

काही स्त्रियांत केस ओंजळीने गळत नाहीत, परंतु वर्षानुवर्षे भांग हळूहळू रुंदावत जातो. टाळूवरील केस बारीक व विरळ होतात. कपाळावरील केसांची कड मात्र शाबूत राहते. पुरुषाप्रमाणे संपूर्ण टक्कल बहुधा पडत नाही. हा प्रकार आनुवंशिक असून पाळी थांबण्याच्या वयानंतर अधिक दिसतो. त्यावर मिनॉक्सिडिल हे लावण्याचे औषध वैद्यकीय सल्ल्याने वापरतात. त्याचा परिणाम दिसण्यास काही महिने लागतात व ते सोडले की गळती पुन्हा सुरू होते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते वापरू नये.

तरुण मुलीचा भांग रुंदावत असेल आणि त्याबरोबर पाळी अनियमित असणे, हनुवटीवर राठ केस येणे, पुष्कळ मुरमे येणे अशी लक्षणे असतील, तर बीजांडकोषाच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. तसेच सतत थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, आवाज घोगरा होणे ही लक्षणे केसगळतीबरोबर आढळली, तर गळ्यातील अवटु (थायरॉइड) ग्रंथी मंदावली असण्याचा संभव असतो. साध्या रक्ततपासणीने हे कळते आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने बहुतेक स्त्रियांची प्रकृती सुधारते. हा विकार वेळीच न ओळखल्यास पुढे गरोदरपणात आई व बाळ या दोघांनाही अपाय होतो.

चाई, गजकर्ण व व्रण

डोक्यावर नाण्याएवढा गोल, गुळगुळीत, खाज नसलेला चट्टा पडून तेथील केस पूर्ण जातात, त्यास चाई म्हणतात. किड्याने केस खाल्ले असा समज सर्वत्र आहे, तो खरा नाही. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक शक्तीच केसांच्या मुळांवर चालून जाते, त्यामुळे चाई पडते. ती एकाकडून दुसऱ्यास लागत नाही. लहान चट्टे पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप भरून येतात, मोठ्या चट्ट्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ इंजेक्शने किंवा इतर औषधे देतात. चट्ट्यावर लसूण किंवा बिब्बा चोळण्याचा उपाय धोक्याचा आहे. त्याने कातडी भाजते आणि व्रण राहिल्यास तेथे पुन्हा केस येत नाहीत.

डोक्यातील गजकर्ण मात्र संसर्गजन्य आहे व तो मुख्यतः लहान मुलांस होतो. चट्ट्यावर कोंडा, खाज व मुळाशी तुटलेले आखूड केस दिसतात, कधी पू भरलेली मऊ गाठही येते. याच जातीची बुरशी वासरांना होते. त्यांच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी खपल्यांची कडी दिसतात. धार काढताना जनावराच्या अंगास डोके टेकण्याची सवय असलेल्या स्त्रीस व वासराशी खेळणाऱ्या मुलास हा रोग जनावराकडून लागू शकतो. असे जनावर वेगळे बांधावे व पशुवैद्यकास दाखवावे. माणसाच्या डोक्यातील गजकर्ण नुसत्या मलमाने बरा होत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. बाजारातील स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज तात्पुरती थांबते व रोग पसरतो. घरात प्रत्येकाची फणी वेगळी ठेवावी.

चट्ट्याची कातडी चकचकीत झाली असेल, छिद्रे दिसत नसतील, आग किंवा दुखणे असेल, तर तो व्रण करणारा प्रकार असू शकतो. अशा ठिकाणचे मूळ मेले की केस परत येत नाहीत. त्यामुळे यात मुळीच वेळ दवडू नये.

ओढ, ओझे व जट

शाळेत जाणाऱ्या मुलींच्या घट्ट वेण्या किंवा रोज एकाच जागी करकचून बांधलेला अंबाडा यांची ओढ मुळांवर सतत पडते. अशाने कानशिलाजवळचे व कपाळावरचे केस विरळ होतात. आरंभी वेणी सैल केली की केस परत येतात, पण वर्षानुवर्षे ओढ चालू राहिली तर ते कायमचे जातात. डोक्यावरून हंडे, वैरणीचे भारे किंवा उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या स्त्रियांच्या टाळूवरील केस घासून तुटतात. पाथर्डी, शेवगाव व जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांनी मऊ, जाड चुंबळ वापरावी आणि शक्य तेथे मोळ्या वाहण्याच्या कामात आळीपाळी ठेवावी. याहून चांगला उपाय म्हणजे नळाचे पाणी व हातगाडी यांनी हा भार मुळातच कमी करणे.

न विंचरल्यामुळे केस गुंतून, मळ व तेल साचून जट होते. तिचा देवीशी संबंध जोडून ती कापू दिली जात नाही. जटेच्या वजनाने मुळे ओढली जातात, मान दुखते व डोक्यात उवा व जखमा होतात. अशा स्त्रीस न दुखवता, तिची संमती घेऊन जट काढून टाकण्यास मदत करावी.

शेगाव तालुक्यातील घटनेचा धडा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत एक विलक्षण प्रकार घडला. प्रथम डोक्यास खाज सुटे आणि मग अवघ्या काही दिवसांत सर्व केस हातात येत. स्त्रिया, पुरुष, शाळकरी मुले अशा सर्वांनाच याची बाधा झाली. प्रथम पाणी, साबण व बुरशी यांवर संशय घेण्यात आला. पुढे विंचूदंशावरील संशोधनाबद्दल प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन नमुने गोळा केले. १८ गावांतील २७९ लोकांस बाधा झाल्याचे त्यांनी नोंदवले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले आणि जस्ताचे प्रमाण घटलेले त्यांना आढळले. स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या गव्हातील सेलेनियम हे त्याचे कारण होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे काही रुग्णांची नखेही ठिसूळ होऊन गळाली. सेलेनियमच्या विषबाधेत असेच होते.

सेलेनियम शरीरास अत्यल्प प्रमाणात हवे असते. परंतु दररोज ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक घेणे सुरक्षित मानत नाहीत. जमिनीत ते अधिक असेल, तर पिके ते शोषून घेतात. पंजाबातील नवांशहर व होशियारपूर भागांत अशा जमिनी आहेत. अमेरिकेतील दक्षिण डाकोटा प्रांतात अशा कुरणांवर चरणाऱ्या गुरांचे व घोड्यांचे केस गळत व खूर फुटत. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६० नंतरच्या वर्षांत शेकडो लोकांचे केस व नखे याच कारणाने गेली.

शेतकऱ्याने यातून घ्यावयाचा धडा असा की, एका स्त्रीचे केस महिनोन्महिने गळणे आणि एका वस्तीतील अनेकांचे केस काही दिवसांत गळणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे, खाण्यात असलेल्या धान्याचा व पिण्याच्या पाण्याचा नमुना राखून ठेवावा आणि जनावरांच्या शेपटीचे केस व खूर पाहून घ्यावेत. बाधित कुटुंबास वाळीत टाकू नये, कारण हा रोग स्पर्शाने होत नाही.

पाणी, तेल आणि जाहिराती

जिल्ह्यातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड आहे. अशा पाण्याने साबणाचा फेस होत नाही, केस राठ होतात व तुटतात. परंतु त्यामुळे केसांची मुळे मरत नाहीत. शेवटचे पाणी पावसाचे साठवलेले किंवा कमी क्षाराचे वापरावे. खोबरेल तेलाने केस मऊ राहतात, गुंता कमी होतो व तुटणे थांबते. एवढा त्याचा उपयोग खरा आहे. मात्र रक्तक्षयाने गळणारे केस कोणत्याही तेलाने थांबत नाहीत. एखादे औषध टक्कल बरे करते असा दावा करण्यास भारतातील औषधविषयक नियमांत प्रतिबंध आहे, हेही जाहिरात वाचताना ध्यानात ठेवावे. बायोटिनच्या गोळ्या त्या जीवनसत्त्वाची उणीव नसल्यास फारशा उपयोगी पडत नाहीत. उलट त्यांच्यामुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. म्हणून रक्ततपासणीपूर्वी त्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका तयार केल्या. त्यांच्या कार्याचा १९७९ साली मॅगसेसे पुरस्काराने गौरव झाला. घरातल्या बाईच्या तोंडून आलेली माहिती घरातली बाई ऐकते, हे त्या प्रकल्पाने दाखवून दिले. केसगळतीसारखी तक्रार स्त्री पुरुष कार्यकर्त्यापुढे मांडावयास संकोचते, तेव्हा आशा सेविका, अंगणवाडी सेविका व बचत गट यांच्यामार्फतच हे काम करावे.

गटाच्या बैठकीत पुढील गोष्टी विचाराव्यात : गळती केव्हापासून आहे? त्याआधी तीन महिन्यांत ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा मोठे दुःख घडले का? पाळीस रक्तस्राव अधिक होतो का? केस सर्वत्र विरळ झाले की चट्टा पडला? थकवा व धाप आहे का? कोणती औषधे चालू आहेत? घरातील आणखी कोणाचे किंवा जनावरांचे केस जात आहेत का? उत्तरांप्रमाणे स्त्रीस रक्ततपासणीसाठी किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. चट्ट्यात आग, पू किंवा चकचकीतपणा असल्यास, पाळी बिघडली असल्यास, किंवा गळती सहा महिन्यांनंतरही चालू असल्यास विलंब करू नये.

घरातील पुरुषांशीही बोलावे. दुधाच्या गाईचे केस झडू लागले तर शेतकरी त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे धाव घेतो. घरातील स्त्रीने "केस फार गळतात" असे सांगितले तर "तेल लाव" एवढेच उत्तर देऊन तो शेतावर निघून जातो. वस्तुतः रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते व लोहाच्या गोळ्या तेथेच विनामूल्य मिळतात. ताटात आधी तिला डाळ वाढावी, यासही वेगळा खर्च नाही.

पुढच्या खेपेस फेरीवाला गावात येईल तेव्हा स्त्रियांनी आपली गुंतवळ त्यास देण्यापूर्वी एकवार हातात घेऊन पाहावी. ती मागील वेळेपेक्षा बरीच मोठी असेल, तर वाटी जरूर घ्यावी, पण त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तही तपासून घ्यावे.